घरात पोर्ट्रेट काढायला स्वस्तातला लाइट कोणता घ्यावा?

प्रश्न (नवखा_क्लिक):
नमस्कार मंडळी, घरातच पोर्ट्रेट काढायला लागलोय, साधा डीएसएलआर आणि ५० एमएम १.८ लेन्स आहे. दिवसा खिडकीशी बसवून काढले की छान येतात पण मला वेळ मिळतो रात्री, आणि ट्यूबलाइटखाली डोळ्यांच्या खोबण्या काळ्या दिसतात, चेहरा हिरवट, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा) ३२०० च्या खाली येत नाही. आधी हौसेने रिंग लाइट घेतला तर बहिणीच्या चष्म्यात दोन पांढऱ्या बांगड्या, तो आता कपाटावर पडलाय. बजेट तुटपुंजं आहे. एलईडी पॅनेल घेऊ की फ्लॅश? सगळे नुसतं वॅट वॅट करतात.

खिडकीवाला:
वॅट सोड रे, साइझ बघ. तळहाताएवढं पॅनेल कितीही झगझगीत असलं तरी नाकाची सावली कडकच पडणार. माझं मत सेकंडहँड मॅन्युअल फ्लॅश, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारा), स्टँड आणि पांढरी आरपार छत्री, म्हणजे जिच्या कापडातून फ्लॅशचा उजेड गाळून येतो ती, बस. छत्री चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, डोळ्यांच्या थोडी वर, ४५ अंशात. लांब नेलीस की प्रकाश कडक होतो आणि अंतर दुप्पट केलं तर उजेड पावच उरतो, लोक इथेच चुकतात आणि मग जास्त पॉवरचा लाइट शोधत बसतात. शटर १/१६० सेकंद, एफ ५.६ (लेन्सचं भोक किती उघडं तो आकडा), आयएसओ १०० ठेव आणि फ्लॅश बंद करून एक फोटो काढ, जवळजवळ काळा यायला हवा. आला म्हणजे ट्यूबलाइटचा हिरवेपणा गेला, मग फ्लॅश चालू कर.

सावलीप्रेमी:
फ्लॅश चांगलाच, पण नवख्या माणसाला सावली कुठे पडतेय ते आधी दिसत नाही ना, काढा-बघा-पुन्हा काढा यातच संध्याकाळ जाते. मी तर एलईडीवरच शिकले. फक्त सीआरआय (लाइटखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या वर बघून घ्या, नाहीतर त्वचा मेल्यासारखी दिसते, आणि घरातले बाकी दिवे बंद, ५६०० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या, लाइटबरोबर पिवळा बल्ब चालू राहिला की अर्धा चेहरा पिवळा आणि तो एडिटिंगमध्येही धड निघत नाही. स्वस्त एलईडीमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० करून बघा. लहान पोरं एका जागी बसत नसतील तर मात्र फ्लॅशच, तिथे वाद नाही.

खिडकीवाला:
पोरांचा मुद्दा मान्य. आणि चष्म्यासाठी लाइट अजून वर आणि बाजूला घे, काड्या कानांवर जरा उचलायला सांग म्हणजे काचा खाली झुकतात. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा कर, दुसरा लाइट लागत नाही. स्टँडच्या पायावर वजन ठेव हां, माझी छत्री फ्लॅशसकट आडवी झालीय एकदा.

सावलीप्रेमी:
आणि ऐका, काही घ्यायच्या आधी तोच रिंग लाइट पांढऱ्या चादरीच्या मागून मारून बघा, चादर ताणून.

नवखा_क्लिक:
ताई, आत्ताच दोरीवर चादर टांगून केलं! उजेड बराच खाल्ला चादरीने, आयएसओ १६०० लागला, पण सावली एकदम मऊ आणि चष्म्यात बांगड्या नाहीत. आता बहीण हलायला तयार नाही, अजून काढ म्हणते. दादा, ती आरपार छत्री किती इंचाची घेऊ? खोली दहा बाय दहाची आहे.

खिडकीवाला:
४० च्या आसपासची घे. त्याहून मोठी घेतलीस तर तू उभा कुठे राहणार?