विश्वास बसलाय, पण भावाशी मिटवल्याशिवाय बाप्तिस्मा घ्यावा का?

मोटारवाला_राहाता:
जय ख्रिस्त. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, जोडीला अडीच एकर शेती. बायकोच्या माहेरचे ख्रिस्ती, तिला सोडायला म्हणून रविवारी चर्चला जायचो. आधी बाहेर गाडीवर बसून मोबाईल बघायचो, मग मागच्या बाकावर बसू लागलो, आता तर पाळक मलाच शास्त्रपाठ वाचायला सांगतात. प्रभूवर माझा विश्वास बसलाय, त्यात शंका नाही. पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणतात, बाप्तिस्मा घ्या, म्हणजे रीतसर ख्रिस्ती व्हा.

अडचण अशी की थोरल्या भावाशी बोलणं बंद आहे. विहीर सामायिक. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाण्याची पाळी आलटून पालटून ठरली होती, पण दिवसाचा आठवडा तो सोडतच नाही. जानेवारीत रात्री दोन वाजता कांद्याला पाणी भरताना मनात काय काय येतं, ते इथं लिहीत नाही.

एका रविवारी उपदेशात ऐकतो, तारण म्हणजे उद्धार विश्वासाने, कर्माने नाही. पुढच्या रविवारी आज्ञापालन. मग भावाशी अबोला ठेवून बाप्तिस्मा घेतला तर तो खोटा ठरेल का? पाळकांनी ख्रिस्ताचं जू, म्हणजे त्याची शिकवण, खांद्यावर घेण्याबद्दल सांगितलं, पण आमच्याकडचे बैल कधीच विकले, ट्रॅक्टर आहे.

नगरच्या_काकू:
दादा, ट्रॅक्टरवाल्यांनाही ते वचन लागू आहे! मत्तय अकराव्या अध्यायात ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ हे आमंत्रण आहे आणि लगेच पुढच्या ओवीत जू आहे. आमच्या मंडळीत पहिली ओवी भिंतीवर रंगवून घेतलीय, दुसरीला जागा उरली नाही म्हणे.

आधी काय, नंतर काय, यात अडकू नका. श्रीमंत जकातदार जक्कय येशूला बघायला झाडावर चढला होता. त्याच्याकडे येशू आधी मुक्कामाला गेला, लुबाडलेलं चौपट परत देण्याची भाषा नंतर आली. ‘आधी हिशेब चुकते करून ये’ असं कुणी त्याला झाडाखालून सांगितलं नाही. पण घरात प्रभू आल्यावर त्याला गप्प बसवेना, हेही तितकंच खरं. उलट येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात म्हटलंय की अर्पण वेदीजवळच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. दोन्ही वचनं एकाच प्रभूची आहेत. म्हणून माझं मत, बाप्तिस्म्याची तयारी थांबवू नका आणि भावाच्या ओट्यावर जाणंही टाळू नका. याच आठवड्यात जा.

लूकच्या चौदाव्या अध्यायातल्या मेजवानीला बोलावूनही न आलेले पाहुणे बघा. एकाने शेत घेतलं, एकाने बैलाच्या पाच जोड्या, एकाचं नवं लग्न. यात चोरी नाही, दारू नाही. तिन्ही कारणं रास्तच, आणि तिघंही जेवायचे राहिले. पाण्याची पाळी हेसुद्धा असंच रास्त कारण आहे.

घरच्यांचं म्हणाल तर कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत झाला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. पुढे काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं-ओवळं चालूच होतं. ते सुटलं ते त्यांचं त्यांना पटल्यावर, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विश्वास असा कुणाच्या मागे फरफटत येत नाही. तुमच्या भावाला तुमचा निर्णय पटायलाच हवा, अशी अट स्वतःवर घालू नका.

तालुका_कोर्टातला:
काकूंचं सगळं मान्य, फक्त एक भर घालतो. समेट म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. आमच्याकडे ‘भावासाठी सोडून दिलं’ म्हणत सह्या करणारे येतात आणि पुढे दहा वर्षं कुढत बसतात. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. त्याने ‘शक्य असेल तर’ मुद्दाम घातलंय. बोलणं सुरू करा, राग सोडा, पण पाळीचं काय ते दोन पंचांसमोर कागदावर लिहून घ्या. सातबाऱ्यावर विहिरीची सामायिक नोंद आहे का, तेही बघा.

नगरच्या_काकू:
वकीलसाहेब, कागद हवाच. पण पहिल्याच भेटीत कागद काढलात तर चहासुद्धा मिळणार नाही.

मोटारवाला_राहाता:
सगळ्यांचे आभार. काल गेलो होतो. भाऊ घरात असून बाहेर आला नाही, वहिनीने पाणी दिलं. मी पाळीचं काढलंच नाही. त्याची मोटार दोनदा जळालीय आणि रिवाइंडिंगला तो कोपरगावला पाठवतो, हे मला ठाऊक होतं. वहिनीला एवढंच म्हणालो, पुढच्या वेळी माझ्याकडे पाठवा, तारेचे पैसे द्या, मजुरी नको. ती हसली, हो-नाही काही म्हणाली नाही.

पाळकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, शनिवारपासून बाप्तिस्म्याच्या वर्गाला या, भावाचं चालू राहू दे. रात्रीच्या पाळीचा आठवडा असला तर वर्ग बुडेल, त्याचं काय करू?

नगरच्या_काकू:
पाळकांना स्पष्ट सांगा, रविवारी उपासनेनंतर घेतील. आणि बायकोलाही सोबत न्या, तिचे प्रश्न तुमच्याहून जास्त असतील.