मदत हवी आहे : दुसरी आणि तिसरी पाळी जोडून केल्यास ओव्हरटाइम होतो की नाही? (कुपवाड, जि. सांगली)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ कुपवाड औद्योगिक वसाहतीतील यंत्रभाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तीन वर्षांपासून ठेकेदारामार्फत सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर म्हणून काम करतो. मी तासगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक असून कारखान्यातील कामाचा मला अनुभव नाही, म्हणून ज्यांनी टाइम ऑफिस (हजेरी आणि पाळ्यांची नोंद ठेवणारा विभाग), युनियन किंवा कामगार न्यायालयात काम केले आहे त्यांनी पुढील मजकूर वाचून मार्गदर्शन करावे, ही विनंती. कारखान्याचे आणि ठेकेदाराचे नाव मुद्दाम देत नाही.

दुसरी पाळी दुपारी ३ ते रात्री ११ आणि तिसरी रात्री ११ ते सकाळी ७ अशी असते. तिसऱ्या पाळीचा माणूस आला नाही की सुपरवायझर दुसऱ्या पाळीतल्या माणसालाच थांबवून घेतात, आणि हे आठवड्यातून एकदा-दोनदा घडतेच. म्हणजे दुपारी ३ वाजता मशीनवर उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता सुटतो. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी फलकावर लिहिलेली आहे, परंतु मशीन बंद ठेवायचे नाही अशी ताकीद असल्यामुळे डबा मशीनशेजारीच उघडावा लागतो आणि जॉब (यंत्रावरचा भाग) तयार होऊन निघाला की हात पुसून पुन्हा उठावे लागते.

खरी अडचण हजेरीची आहे. सोमवारी दुपारी सुरू झालेले हे १६ तास हजेरीपत्रकात एकत्र दिसतच नाहीत. सोमवारी दुसरी पाळी आणि मंगळवारी तिसरी पाळी अशी नोंद होते, मंगळवारी दुपारी भावाला घरी राहायला सांगतात आणि ‘तासाला तास फिटला’ म्हणून हिशेब मिटवतात. कागद पाहणाऱ्याला दोन दिवसांत प्रत्येकी ८ तासच दिसतात. काम जास्त असेल तेव्हा मात्र मंगळवारची सुट्टीही मिळत नाही. दुपारी ३ वाजता पुन्हा हजर राहावे लागते आणि जादा ८ तासांचे पैसे एकेरी दराने, तेही केवळ मूळ वेतनावर काढून, ‘प्रोत्साहन भत्ता’ या नावाखाली पगारात घातले जातात.

आकडे सांगतो. भावाचे मूळ वेतन १०,४०० रुपये आणि महागाई भत्ता ५,२०० रुपये, असे मिळून १५,६०० रुपये होतात. २६ दिवस आणि ८ तास धरले तर तासाला ७५ रुपये आणि दुप्पट दराने १५० रुपये पडतात. ठेकेदार ५० रुपये देतो. गेल्या महिन्यात अशा आठ जोडपाळ्या झाल्या, त्यांपैकी तीन वेळा दुसऱ्या दिवशी घरी राहू दिले आणि पाच वेळा नाही. त्या पाच पाळ्यांच्या ४० तासांचे त्याला २,००० रुपये मिळाले. माझ्या हिशेबाने ६,००० मिळायला हवे होते. हा हिशेब बरोबर आहे का?

विचारायला गेले की सुपरवायझर सांगतात, ‘आता बारा तासांचा कायदा झाला आहे, जुने काही राहिले नाही.’ राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्यास मंजुरी दिल्याची बातमी मीही वाचली होती. तथापि १६ तास हे १२ मध्येही बसत नाहीत, आणि त्याच बातमीत जादा कामाला कामगाराची संमती लागेल असेही होते. भावाला कोणी संमती विचारलेली नाही. नाही म्हटले तर फाटकावरून परत पाठवतात, एवढेच.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १८९० साली गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली, हे मी अनेक वर्षे मुलांना सांगत आलो आहे. गेल्या महिन्यात माझ्याच घरातला माणूस सलग १३ दिवस कामावर होता. तेराव्या दिवशी सकाळी परत येताना कवलापूरच्या पुढे दुचाकीवरच त्याचा डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून शेताच्या कडेला गेली. खरचटण्यावर निभावले, पण त्या दिवसापासून तिसरी पाळी जोडून आली की आमची आई सकाळी साडेसातपासून दारात बसून असते.

तरी तारखेची ही फोड कायद्यात टिकते का, नंतर दिलेल्या सुट्टीने ओव्हरटाइम फिटतो का आणि नोकरी न गमावता दाद कोणाकडे मागावी, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद (सातारा) :

गुरुजी, मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षे टाइम ऑफिस सांभाळले आहे, म्हणून हजेरीपासूनच सुरुवात करतो. आपण वर्णन केलेली फोड टिकत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५७ प्रमाणे पाळी मध्यरात्रीपुढे गेली तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच मोजायचे असतात. म्हणून सोमवारी दुपारी ३ पासून मंगळवारी सकाळी ७ पर्यंतचे सर्व १६ तास सोमवारचेच ठरतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू केल्या, पण रात्रपाळीची ही तरतूद नव्या संहितेतही तशीच आहे.

मंगळवारी घरी बसवल्याने सोमवारचा ओव्हरटाइम पुसला जात नाही. जुन्या कायद्यात दिवसाचे ९ तास किंवा आठवड्याचे ४८ तास यांपैकी कोणतीही एक मर्यादा ओलांडली की दुप्पट दर लागू होत असे. ‘तासाला तास’ असा पर्याय त्यात कुठेच नव्हता. बदली सुट्टी असते ती बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची, ओव्हरटाइमची नव्हे. आपल्या भावाच्या बाबतीत तर तीही दिलेली दिसत नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम होण्याआधी किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असे जुने कलम ५५ सांगत होते, आणि मशीनवर नजर ठेवून खाल्लेला डबा म्हणजे विश्रांती नव्हे.

दराबाबत आपला हिशेब योग्य आहे. दुप्पट दर केवळ मूळ वेतनावर काढता येत नाही, महागाई भत्ता धरावाच लागतो. नाव ‘प्रोत्साहन भत्ता’ दिले म्हणून जादा कामाचे स्वरूप बदलत नाही. ठेकेदाराने रक्कम दिली नाही तर ती मुख्य कारखानदाराला द्यावी लागते, त्यामुळे अर्जात दोघांनाही पक्षकार करा.

पुराव्याचे मात्र मन लावून करा. पाळी संपल्यावर त्याच दिवशी वहीत तारीख, आत गेल्याची व बाहेर आल्याची वेळ आणि मशीनचा क्रमांक लिहावा. आठवड्याने आठवून लिहिलेली वही उलटतपासणीत फार टिकत नाही. ‘आज थांब’ असा सुपरवायझरचा संदेश मोबाइलवर आला असेल तर तो पुसू नये. उत्पादनाच्या कागदावर ऑपरेटरची सही आणि वेळ असते, ती हजेरीपत्रकाशी जुळत नाही हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. फरक तिथेच उघडा पडतो.

या चार संहितांपैकी वेतन संहितेखाली तीन वर्षांपर्यंतचा दावा करता येतो आणि रक्कम दिली होती हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. वेतनाच्या फरकासाठी सांगलीच्या सहायक कामगार आयुक्तांकडे, तर तास आणि विश्रांतीसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जावे. तक्रारदार कोण हे निरीक्षकाने उघड करू नये, असे कारखाने अधिनियमाचे कलम ११८-अ सांगत होते, तरीही एकट्याने सही करू नये असेच मी सांगेन. त्याच पाळीतले चार-पाच जण एकत्र आले तर कोणा एकाला फाटकावर अडवणे अवघड जाते.

मूळ प्रश्नकर्ता :

सर, मनापासून आभार. भावाच्या वहीत जानेवारीपासूनच्या वेळा आहेत, पण मशीनचा क्रमांक लिहिलेला नाही. तो आजपासून लिहायला सांगितला आहे. त्याच्या पाळीतले तिघे रविवारी आमच्या घरी येणार आहेत. एक शंका राहिली : त्यांच्यापैकी एकाचा ठेकेदार वेगळा आहे, पण कारखाना तोच. चौघांचा अर्ज एकत्र चालेल, की त्याचा स्वतंत्र करावा लागेल?