स्नेपच्या आधीचा रिकमन

ब्रिटिश नट अ‍ॅलन रिकमनला हॅरी पॉटरच्या चित्रपटांनी मोठं केलं, हे म्हणणं मला पटत नाही. २००१ साली तो त्यातला जादूचा शिक्षक स्नेप झाला तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता, आणि रंगभूमीवर त्याचं नाव केव्हाच झालेलं होतं.

मुळात तो ग्राफिक डिझायनर. मित्रांबरोबर स्वतःचा स्टुडिओ चालवत होता. तो सोडून सव्वीसाव्या वर्षी त्याने लंडनच्या राडा या नाट्यशाळेत प्रवेश घेतला. त्या वयात पुन्हा विद्यार्थी व्हायचं! तिथे शिकताना राल्फ रिचर्डसनसारख्या नटाला कपडेपटात मदत करून तो खर्च भागवायचा.

१९८५ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या 'ले लिएजों दांजरूज' या नाटकात त्याने व्हाल्मों ही भूमिका उभी केली. ते नाटक न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर गेलं आणि त्याला टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं. 'डाय हार्ड' (१९८८) हा त्याचा पहिला चित्रपट त्यानंतरचा, म्हणजे चाळिशी उलटल्यावरचा. त्यात त्याने केलेला खलनायक हान्स ग्रुबर आवाज चढवत नाही, घाई करत नाही. वाक्य संपवताना किंचित थांबतो आणि त्या थांबण्यातच धाक असतो. माझ्या मते ही सगळी नाटकाची कमाई आहे. स्नेपचे ते लांबवलेले शब्दही त्याच तालमीतले.

पुढेही त्याने नाटक सोडलं नाही. 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' या नाटकासाठी २००२ मध्ये पुन्हा टोनीचं नामांकन मिळालं, २००५ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट या नाट्यगृहासाठी त्याने दिग्दर्शनही केलं. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या चित्रपटातला त्याचा कर्नल ब्रँडन पाहिला नसेल, तर आधी तो पाहाच.