विश्वास, भरवसा, भिस्त, खातरजमा : एआयच्या साधनांसाठी नेमका शब्द कोणता?

प्रश्न : आमच्या वाचनालयातल्या ज्येष्ठ सभासदांसाठी एक माहितीपत्रक लिहिते आहे. मोठ्या कंपन्यांची नवी एआय साधने फोनमध्ये, संगणकात न मागता येऊन बसतात. ती वापरावीत की नाही, हे त्यांना ठरवता यावे म्हणून. शीर्षक दिले होते, 'एआयवर विश्वास ठेवावा का?' एका आजींनी लगेच हटकले, "विश्वास माणसावर ठेवतात, यंत्रावर कसला?" भरवसा, भिस्त, खात्री, इतबार यांतले काय घ्यावे?

प्रतिसाद : आजींचं बरोबर आहे. विश्वासात समोरच्याची नियत आली. म्हणून तर विश्वासघात होतो. भरवशाला नियत लागत नाही. पावसाचा भरवसा नसतो, एसटीचा भरवसा नसतो. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला म्हणून म्हशीनं दगा दिला असं कोणी म्हणत नाही. साधनासाठी 'भरवसा' घ्या.

प्रतिसाद : अर्धेच पटले. यंत्राला नियत नसेल, ते बनवणाऱ्या कंपनीला असतेच. मायक्रोसॉफ्टचे 'रिकॉल' हे विंडोजमधले साधन घ्या. मे 2024 मध्ये जाहीर झाले. दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून ठेवायचे, म्हणजे मागे काय पाहिले होते ते शोधता येईल. सगळे तुमच्याच संगणकावर राहते, असे कंपनीने सांगितले. पण ती माहिती साध्या, वाचता येईल अशा स्वरूपात साठत असल्याचे सुरक्षा-अभ्यासकांनी दाखवून दिले. संगणकात शिरलेल्या चोराला सगळे आयतेच मिळाले असते. जूनमध्ये कंपनीने सांगितले की ही सोय आपोआप सुरू होणार नाही, ज्याला हवी त्याने ती सुरू करावी. मग ती लांबणीवर पडली आणि एप्रिल 2025 मध्ये एआयसाठी बनवलेल्या ठरावीक नव्या विंडोज संगणकांवर येऊ लागली. त्याच्या पुढच्याच महिन्यात सिग्नल या संदेशांच्या अ‍ॅपने विंडोजवर आपल्या संभाषणांची चित्रे टिपली जाणार नाहीत अशी व्यवस्था केली. रिकॉल उत्तम चालत असते तरी हा प्रश्न उरलाच असता. इथे 'विश्वास' हाच शब्द हवा, फक्त तो कंपनीवर ठेवायचा की नाही असे विचारायला हवे.

प्रतिसाद : आणि उत्तर खरे की खोटे, हा तिसराच मुद्दा. गूगलने मे 2024 मध्येच अमेरिकेत शोधाच्या वर एआयने लिहिलेला सारांश द्यायला सुरुवात केली. पिझ्झावर चीज टिकत नाही तर सॉसमध्ये थोडा गोंद मिसळा, असा सल्ला त्यातून आला. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर कोणीतरी अनेक वर्षांपूर्वी केलेली थट्टा यंत्राने खरी मानली होती. इथे कंपनीची नियत वाईट नव्हती, पण उत्तर खात्रीलायक नव्हते. 'विश्वासू' आणि 'विश्वासार्ह' यांतही हाच फरक आहे. विश्वासू माणूस असतो, विश्वासार्ह माहिती असते.

प्रतिसाद : 'भिस्त' मात्र शीर्षकात नको. 'सगळी भिस्त त्याच्यावर' म्हणतो तेव्हा दुसरा आधार उरलेला नसतो. नेमकं तेच होऊ द्यायचं नाही. मला विचाराल तर 'खातरजमा' घ्या. फारसीत खातिर म्हणजे मन. मन एका जागी येणं, निर्धास्त होणं, हा मूळ अर्थ. आज आपण ते पडताळून पाहण्यासाठी वापरतो. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्याची मुदत एआयला विचारली, हरकत नाही. पण बँकेत खातरजमा केल्याशिवाय घरी बसून राहायचं नाही. ही कृती ऐंशीच्या आजींनाही करता येते. 'विश्वास ठेवू नका' म्हटलं तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

प्रश्नकर्ती : आभार, सगळ्यांचे. मी एकाच शब्दाने तीन प्रश्न विचारत होते. आता शीर्षक 'एआयला विचारा, पण खातरजमा करा' असे ठेवते. आत दोन भाग : 'उत्तर खात्रीलायक आहे का?' आणि 'आपली माहिती या कंपनीच्या हाती विश्वासाने द्यावी का?' दुसऱ्या भागात नको असलेली सोय सेटिंग्जमध्ये जाऊन बंद कशी करायची, ते चित्रांसह देईन. 'इतबार' घेऊ का कुठे?

प्रतिसाद : गोड शब्द आहे, पण राहू द्या. तुमच्या सभासदांना कळेल. सेटिंग्ज बदलून द्यायला जी नातवंडं बसतील, त्यांना कळणार नाही.