मस्कत ते सलाला, समुद्र धरून, १९९६ची लँड क्रूझर. जाऊ का?

खलूफवेडा:
डिसेंबरच्या सुटीत मस्कतहून सलालाला गाडीनं जायचं ठरतंय. हैमाच्या सरळ रस्त्यानं नाही. सिनाव, महूत, खलूफ, दुक्म, शुवैमिया, हासिक, मिरबात असं जाऊन परत येताना थुमरैत-हैमा. गाडी १९९६ची, ८० सिरीज, साडेचार लिटरचं पेट्रोल इंजिन, साडेतीन लाख किलोमीटर झालेली. गेल्याच महिन्यात एका ओमानी गृहस्थांकडून घेतली. शहरात मख्खन चालते, टायरची नक्षीही भरपूर आहे. मी, बायको आणि नाशिकहून येणारे सासरे. बायको म्हणते विमानानं जाऊ. सासरे म्हणतात, एवढी गाडी काय भाजी आणायला घेतलीत? खलूफच्या पांढऱ्या वाळूत एक रात्र तंबू टाकायचाय. निघायच्या आधी गाडीचं काय काय बघून घेऊ?

जुना रुवीकर:
सासरे आवडले आपल्याला.

साडेतीन लाखांना घाबरू नका, याहून जास्त चाललेली ही इंजिनं मी पाहिलीत. घाबरायचं रबराला. ते गाडी उभी असली तरी म्हातारं होतं.

माझी १९९४ची होती, हेच इंजिन. २००९च्या एप्रिलमध्ये हैमाच्या अलीकडे बॉनेटच्या मागच्या कडेतून वाफ यायला लागली. रेडिएटर नवा, फॅनबेल्ट नवा, पुढचे दोन्ही मोठे होज, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्या, नव्या. फुटला होता तो इंजिनाच्या मागे, फायरवॉलजवळचा, बोटभर लांबीचा हीटरचा होज. मस्कतमध्ये हीटर लावतो कोण? म्हणून पंधरा वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण हीटर बंद असला तरी इंजिनाचं पाणी त्यात असतंच की. जागा अशी अडचणीची की हात आत जातो, पण बाहेर यायला तयार नसतो. तासभर इंजिन निवू दिलं. तोवर बसायला सावली म्हणाल तर आपल्याच गाडीची, दुसरी त्या माळावर नाही. शेवटी एका पाकिस्तानी ट्रकवाल्यानं उरलेला होज कापून, वळवून हीटरच वगळून टाकला आणि आमचं प्यायचं पाणी ओतून आम्ही हैमा गाठलं. तेव्हा पहिलं काम, तो होज बदला. गॅरेजवाला म्हणेल, 'ठीक है साब, चलेगा.' ऐकू नका. फुटलेला नसला तरी बदलायला लावा.

इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. तो मधोमध ठाण मांडून बसतो आणि हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्यामुळे मधोमधच्या जरा जरी वर गेला, तर तिथल्या तिथे गाडी बाजूला घ्या.

नक्षीवरून टायरचं वय कळत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायरचे बघा. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली असते, ती एकदा घरी उतरवून बघाच. साखळी गंजून अडकलीय हे रस्त्यात कळण्यात मजा नाही.

आता खलूफ. वाळूत उतरण्याआधी टायरची हवा १५ पीएसआयवर आणा. नेहमीची भरलेली ठेवून जोर केलात तर गाडी स्वतःसाठीच खड्डा खणते. कॉम्प्रेसर बरोबर हवाच, नाहीतर तशाच टायरनं डांबरावर पळाल आणि तेच टायर तापून फाटतील. पेट्रोल अर्धं झालं की पंप दिसेल तिथे भरा. टाकी ९५ लिटरची असली तरी वाळूत तीन-चारचं ॲव्हरेज मिळालं तरी नशीब.

आणि सबखा! बर अल-हिकमानकडे पांढरी सपाट जमीन दिसेल, क्रिकेटच्या पिचसारखी. वर मिठाची पापडी, खाली चिखल. चाकोरी सोडू नका. मी सोडली होती, 'जरा फोटो काढू' म्हणून. मागची दोन्ही चाकं अॅक्सलपर्यंत आत. एका म्हाताऱ्या कोळ्यानं पिकअपला दोर बांधून ओढून काढलं. पैसे पुढे केले तर रागावला, आणि वर एक अख्खा कनाद हातात ठेवला. कनाद म्हणजे आपली सुरमई. मीठ सगळीकडे होतंच, हळद-तिखटही होतं आमच्याकडे.

लोबान:
मी सलालात राहते. दोनच गोष्टी. शुवैमिया-हासिकचा घाट उभा आहे. जुनी गाडी खालच्या गिअरमध्ये चढवा, एसी बंद करा. आणि उतरताना ब्रेकवर बसून राहू नका.

परतीला थुमरैतपासून पुढे अंधार पडल्यावर चालवायचं नाही म्हणजे नाही. उंट रस्त्याच्याच रंगाचा. पाय मोडतात आणि अख्खं धड काचेवर येतं. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ त्यातच गेले. दिवसा धोका वेगळा, सरळ सपाट रस्ता बघून डोळा लागतो. सासऱ्यांना पुढे बसवा, बोलके दिसतात.

हो, त्यांना हेही सांगून ठेवा की हिरवे डोंगर खरीफमध्ये असतात, जून ते सप्टेंबर. डिसेंबरमध्ये गवत पिवळं.

खलूफवेडा:
रुवीकर काका, होज बदलायला दिला. मिस्त्रीनं नुसता दाबून बघितला तर दोन तुकडे होऊन त्याच्याच हातात आला. नवा तीन तास खपून बसवला, मला जाताना काहीतरी मल्याळममध्ये म्हणाला.

चारही टायर मागच्या वर्षीचे निघाले. स्टेपनी मात्र तेल मारून मारून काल उतरवली. आकडे आहेत ३१०३. सासऱ्यांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, आमच्या लग्नातली गादी पण एवढी जुनी नाही. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

जुना रुवीकर:
नवी घेतल्यावरच सांगा.