ट्रेकवर डंजन्स अँड ड्रॅगन्स: फासे कसे सांभाळता?

गेल्या ट्रेकला रात्री तंबूबाहेर डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ) खेळायला बसलो आणि माझा वीस बाजूंचा फासा गवतात गेला. अर्धा तास शोधला, मिळाला नाही. खेळाचा नकाशाही उडत होता. पण अंधारात गोष्ट अशी रंगली, की पुन्हा तिथेच खेळायचंय! तुम्ही काय करता?

उत्तर १: फासे ताटलीत टाका, खाली रुमाल. नकाशा नकोच, वर्णनावर खेळा. हेडटॉर्चचा उजेड लाल ठेवा. अंधाराला सरावलेली नजर पांढऱ्या उजेडाने लगेच मोडते.

उत्तर २: आम्ही फाशाऐवजी १ ते २० च्या चिठ्ठ्या डब्यात नेतो. काढलेली चिठ्ठी लगेच परत टाकायची, नाहीतर प्रत्येक आकड्याची ५ टक्के शक्यता बिघडते.

प्रश्नकर्ता: चिठ्ठ्या आजच करतो. काळ्या शाईने, लाल आकडे लाल उजेडात दिसायचे नाहीत.