हॅरिस शील्डमधल्या धावांचे डोंगर पुढे कामी येतात का?

मैदानकर: हॅरिस शील्ड म्हणजे मुंबईची आंतरशालेय स्पर्धा. अशा शालेय क्रिकेटमध्ये तीनशे-चारशे ठोकणारी मुलं पुढे कितपत टिकतात? भाचा 13 वर्षांचा, कोल्हापूरचा. त्याला मुंबईच्या शाळेत घालायचं घरात चाललंय.

गलीफिल्डर: फेब्रुवारी 1988, आझाद मैदान: शारदाश्रम शाळेकडून सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349, भागीदारी 664. दोघंही कसोटी खेळले. सचिनने त्याच डिसेंबरात रणजी पदार्पणात शतक काढलं. सर्फराज खानचे 439 आले 2009 मध्ये आणि कसोटीची टोपी फेब्रुवारी 2024 मध्ये! मधली चौदा-पंधरा वर्षं कोण मोजतो? कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी 2016 मध्ये नाबाद 1009 केले. एका बाजूची बाउंड्री अगदी जवळ होती आणि समोर बरीच लहान पोरं. स्कोअरबुकात हे दिसत नाही.

तिसरापंच: शाळेतून थेट वर कुणी जात नाही. आधी वयोगटांच्या राज्य संघांच्या स्पर्धा: 16 वर्षांखाली विजय मर्चंट, 19 खाली विनू मांकड (एकदिवसीय) नि कूचबिहार (चार दिवसांची), मग 23 खाली सी. के. नायडू. 16 खालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, त्यामुळे कागदावर वय कमी दाखवायच्या भानगडीत पडू नका. कोल्हापूर महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतं, मुंबईची असोसिएशन वेगळी. शाळा बदलली की नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. दाखला काढण्याआधी दोन्हीकडे लेखी विचारा.

खडूस_ओपनर: खरी गोची 16 ते 19 मध्ये होते. मॅटिंगवर (चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर) उसळी ठरलेली असते, गोलंदाज हळू, त्यामुळे रेषेच्या आडवं खेळूनही धावा निघतात. टर्फवर (माती-गवताच्या खेळपट्टीवर) नवा लाल चेंडू आत आला की तोच फटका गोत्यात आणतो. पृथ्वी शॉने 2013 मध्ये हॅरिस शील्डमध्ये 546 केले, 2018 मध्ये कसोटी पदार्पणात 134. तरी डिसेंबर 2020 ला अ‍ॅडलेडमध्ये दोन्ही डावांत बोल्ड: आधी स्टार्क, मग कमिन्स, दोन्हींत चेंडू बॅट-पॅडच्या फटीतून आत.

भाच्यासाठी: आठवड्यातून दोनदा 16 यार्डांवरून साइडआर्मने (चेंडू फेकायच्या लांब दांड्याने) 60 चेंडू, फक्त आत येणारे. मागून मोबाइल लावून व्हिडिओ घ्या. बॅट आणि पुढच्या पॅडमध्ये चेंडू मावत असेल तर डोकं बाहेर पडतंय, आधी ते सावरा.

मैदानकर: कोल्हापुरात सरावाला मॅटिंगच मिळतं. चालेल?

खडूस_ओपनर: चालेल, पण मॅट ताणून चारही बाजूंनी खिळे ठोका. सुरकुती राहिली तर चेंडू भलताच उसळतो आणि पोरगं मागे सरकायला शिकतं.